सात आणि बारा एकाच पानावर

आमच्या घरच्या लोखंडी पेटीत एकाच शेताचे तीन सातबारे आहेत. पहिला १९७०च्या दशकातला, हाताने लिहिलेला, घड्यांवर विरलेला, शाई तपकिरी पडलेली. दुसराही हातचाच, पण अक्षर निराळं. मधल्या काळात पटवारी बदलले होते. तिसरा संगणकावरचा, खाली डिजिटल स्वाक्षरीची ओळ असलेला. शेत तेच, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातलं, १ हेक्टर ६२ आर, म्हणजे आमच्या बोलण्यातले चार एकर. पहिल्या उताऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे आणि त्यात पटवाऱ्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं आहे: मोहाचे वावर. ते मोहाचं झाड मी पाहिलेलं नाही. बाबांनीही पाहिलेलं नाही. झाड गेलं, नाव शेताला राहिलं, आणि एका सरकारी नमुन्याने ते जपलं.

मी पुण्यात कंपन्यांच्या कारभाराचं सॉफ्टवेअर लिहितो: खरेदी, साठा, बिलं, पगार. या कामात एक प्रश्न रोज समोर येतो आणि त्याचं उत्तर दर वेळी नव्याने द्यावं लागतं. सुटीत गावी आलो की मी ही पेटी उघडतो, कारण हा प्रश्न जितक्या नीट या पानावर मांडलेला दिसतो तितका तो मला आमच्या धंद्यातल्या पुस्तकांतही क्वचितच दिसला. म्हणून सातबारा एखाद्या रचनेसारखा ओळीओळीने वाचावा, असं बरेच दिवस मनात होतं.

आधी प्रश्न. कापूस विकल्यावर हातात पडणारी पावती घ्या. वर कास्तकाराचं नाव, गाव, तारीख. खाली ओळी: कापसाची प्रत, वजन, भाव, रक्कम. या ओळींना पावतीबाहेर आयुष्य नाही. 'बारा क्विंटल' एवढंच कुणी वेगळं मागायला येत नाही. कुणाचे, कुठल्या दिवशीचे, हे पावतीच सांगते. आमच्याकडे अशा नोंदींना 'डिपेंडंट ऑब्जेक्ट' म्हणतात. मी त्यांना आश्रित नोंदी म्हणतो. आश्रित नोंद साठवायची कुठे? मालकाच्याच पानावर लिहिली तर वाचायला झटकन सापडते, पण पानावर जागा मोजकीच असते. वेगळ्या वहीत लिहून मालकाचा क्रमांक टाकला तर हव्या तेवढ्या ओळी वाढवता येतात, पण प्रत्येक वाचनाला दोन वह्या काढाव्या लागतात. आमचं एक जुनं दुखणं यातूनच येतं: शंभर पावत्यांची यादी मागवायला डेटाबेसकडे एक फेरी, आणि प्रत्येक पावतीच्या ओळी आणायला आणखी शंभर. तिसरा मार्ग म्हणजे सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवायचं. ठेवताना आणि उचलताना सोपं, पण आतलं काही शोधायचं तर गाठोडं सोडावंच लागतं.

मार्टिन फाउलर यांनी २००२ साली 'पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइझ ॲप्लिकेशन आर्किटेक्चर' या पुस्तकात या मार्गांना नावं दिली: एम्बेडेड व्हॅल्यू, डिपेंडंट मॅपिंग, सिरियलाइज्ड लॉब. त्याच सुमारास जावाच्या जगात 'एंटरप्राइझ जावाबीन्स २.०'च्या मसुद्यात डिपेंडंट ऑब्जेक्ट ही स्वतंत्र कल्पना आली, तिच्यावर खूप वाद झाला, आणि २००१ मध्ये अंतिम रूप ठरताना ती वगळून दुसरीच सोय करण्यात आली. मोठमोठ्या कंपन्यांच्या जाणत्यांनाही आश्रित नोंदीचं घर एका बैठकीत ठरवता आलं नव्हतं. प्रश्न खरोखरच अवघड आहे.

आता पान.

'सातबारा' या शब्दाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यातली जोड दिसेनाशी झाली आहे. महसुली कारभारात गावाच्या हिशेबाचे १ ते २१ असे गाव नमुने आहेत. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कुणाची, किती, कुठल्या धारणेची, तिच्यावर आणखी कुणाचे हक्क. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही: कुठल्या वर्षी, कुठल्या हंगामात, किती क्षेत्रात काय पेरलं. हे दोन निराळे नमुने आहेत. मधले आठ, नऊ, दहा, अकरा आपापल्या जागी आहेत. सात आणि बारा मात्र एकाच पानावर छापले गेले, वर सात, खाली बारा. त्या छपाईच्या निर्णयातून सातबारा हा शब्द जन्मला आणि मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला.

हा निर्णय कशासाठी? माझं वाचन असं, की हे पान बघायला येणारा प्रत्येक जण दोन्ही गोष्टी एकदम विचारतो. सोसायटी पीककर्ज देताना विचारते, जमीन कुणाच्या नावे आहे आणि पेरा कशाचा आहे. नुकसानभरपाईचा पंचनामा करणारा हेच विचारतो. सरकारी खरेदी केंद्रावर तूर नेली तरी हेच. दोन वह्या ठेवल्या असत्या तर पटवाऱ्यांना प्रत्येक माणसामागे दोन बस्ते सोडावे लागले असते. एका पानात दोन्ही दिसतात. आम्ही ज्याला वाचनाचा वेग म्हणतो आणि ज्यासाठी रात्र रात्र जागतो, तो इथे दोन तक्ते एकाखाली एक छापून मिळवला आहे.

यवतमाळच्या माणसाला या पानाचा आणखी एक धागा जवळचा वाटावा. वऱ्हाडाचा हा भाग १९५६पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता आणि इथे १९५४चा मध्य प्रदेशचा महसुली कायदा चालायचा. पुढे द्विभाषिक मुंबई, मग १९६०चा महाराष्ट्र. एका राज्यात तीन-तीन प्रदेशांचे महसुली कायदे नांदत होते. ते सगळे मोडून एकच महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ साली झाला आणि १५ ऑगस्ट १९६७पासून अंमलात आला. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. आजचा सातबारा ज्या कायद्याखाली लिहिला जातो तो आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या माणसाच्या कारकिर्दीत आला. तरी जुन्या कारभाराची एक खूण आमच्या बोलीत टिकून आहे. सरकारी कागदावर पुढे तलाठी आला, आमच्या तोंडी अजून पटवारीसाहेब.

आता जरा खाली, बाराकडे. मला या पानाचा सगळ्यात देखणा भाग तिथे दिसतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. यवतमाळच्या काळ्या जमिनीत नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापूस, क्वचित पेरतात. पऱ्हाटीच्या काही ओळी, मग तुरीचं एक तास, पुन्हा पऱ्हाटी. कापूस बुडाला तर तूर हाती लागते, पाऊस लवकर गेला तरी तुरीची मुळं खोल असतात. हे शहाणपण शेतातलं. पण ते कागदावर कसं लिहायचं? चार एकरात कापूस आणि चार एकरात तूर लिहिलं तर शेत आठ एकरांचं होतं. दोन-दोन एकर लिहिलं तर दोन निराळे तुकडे असल्यासारखं वाटतं, आणि शेतात तसं काही नसतं.

नमुना बाराने यासाठी तीन थर केले आहेत. निर्भेळ पिकाखालील क्षेत्र वेगळं. मिश्र पिकाखालील क्षेत्र वेगळं, त्याला मिश्रणाचा संकेत क्रमांक. आणि त्या मिश्रणाच्या पोटात 'घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र'. पुन्हा प्रत्येकात जलसिंचित किती, अजलसिंचित किती. म्हणजे शेताचा आश्रित म्हणजे हंगाम, हंगामाचं आश्रित मिश्रण, मिश्रणाची आश्रित घटक पिकं. तीन पिढ्या एका आडव्या ओळीत. माझ्या कामात अशी रचना आली की आम्ही तीन तक्ते करतो, त्यांना जोडणाऱ्या किल्ल्या करतो, आणि मग वेग कमी पडला म्हणून पुन्हा एकत्र करतो. इथे घटक पिकाला स्वतःचा क्रमांकही दिलेला नाही, कारण त्याला तो नकोच आहे. तुरीच्या तासाला पऱ्हाटीच्या वावराबाहेर ओळख नसते. ज्याने हा तक्ता आखला त्याने शेतात उभं राहून आखला असला पाहिजे, असं प्रत्येक वेळी वाटतं.

पण या पानाची किंमतही मोजावी लागते, आणि ती आमच्या घराने मोजली आहे.

सातमधल्या नोंदी पिढीत एकदा बदलतात. बाप गेला, वाटणी झाली, खरेदी झाली, तेव्हा. बारामधल्या नोंदी वर्षाला दोनदा वाढतात, खरिपात आणि रब्बीत. एकाच पानावर एक सावकाश चालणारी गोष्ट आणि एक भरभर चालणारी गोष्ट शेजारी बसवली. मग काय होतं? खालच्या ओळी भरतात आणि पान संपतं. वरच्या भागात काही बदललेलं नसलं तरी अख्खं पान नव्याने लिहावं लागतं. हस्तलिखित सातबाऱ्यांचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं ते याचसाठी, असं मी समजतो. जुनं पान समोर ठेवून नवं उतरवायचं. उतरवताना चालू असलेलं घ्यायचं, कमी झालेलं सोडायचं.

आमच्या पहिल्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात एक ओळ आहे: विहिरीत अर्धा हिस्सा. विहीर शेजारच्या वावरात आहे, धुऱ्याला लागून. आजोबांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून खोदलेली. दुसऱ्या उताऱ्यावर ती ओळ नाही. कुणी खोडलेली नाही, कुणी हरकत घेतलेली नाही. पुनर्लेखनात सुटली, एवढंच. पुढे संगणकीकरणात दुसऱ्या उताऱ्यावरूनच नोंदी उतरल्या आणि सुटलेली ओळ सुटलेलीच राहिली. तोवर शेजारचं वावर विकलं गेलं होतं, नव्या मालकाने मोटार काढून घ्यायला सांगितलं, आणि बाबांना कळलं की कागदावर आपली विहीर नाही.

फाउलर ज्याला डिपेंडंट मॅपिंग म्हणतात त्यात आश्रित नोंदी अद्ययावत करायची एक सोपी रीत आहे: मालकाची नोंद साठवताना जुन्या आश्रित ओळी सगळ्या पुसायच्या आणि हातात असलेल्या सगळ्या पुन्हा लिहायच्या. कुठली बदलली, कुठली नवी, हे शोधत बसायला नको. मीही ही रीत कितीदा वापरली आहे. ती चालते, पण एका अटीवर: पुन्हा लिहिताना हातात सगळ्या ओळी असल्या पाहिजेत. एखादी आणायची राहिली तर ती चुपचाप जाते. चूक म्हणून कुठे काही दिसत नाही, कारण जे नाही ते दिसत नसतं. विहिरीची ओळ अशीच गेली. तेव्हापासून कुणी माझ्यासमोर 'सगळं पुसून परत लिहू' म्हणालं की मी थांबवतो आणि विचारतो, या ओळींवर आणखी कुणी अवलंबून आहे का? असेल तर ती ओळ आश्रित नाही, तिला स्वतःचा क्रमांक द्या. एकत्र वाचलं जाणं आणि एकत्र बदलणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्याने पहिली पाहून पान जोडलं, आणि दुसरीने दर दहा वर्षांनी त्याच्याकडून किंमत वसूल केली.

आमची विहीर परत मिळाली ती मात्र याच रचनेच्या दुसऱ्या एका गुणाने. हस्तलिखित सातबाऱ्यावर प्रत्येक नोंदीशेजारी एक वर्तुळ असायचं आणि वर्तुळात आकडा. तो फेरफार क्रमांक. नाव का लागलं, नाव का गेलं, बोजा कधी चढला, याचं उत्तर गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत असतं, आणि वर्तुळातला आकडा तिकडची वाट दाखवतो. त्या वहीत काही पुसलं जात नाही. नवी नोंद जुनीच्या खाली येते. आधी सगळ्यांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. पूर्वी फेरफार लिहिला की सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलीने व्हायची आणि मंजुरीनंतर शाईने. पेन्सिलीची ती नोंद मला फार शहाणी वाटते. उतारा पाहणाऱ्याला कळायचं की इथे काहीतरी घडतं आहे, पण अजून पक्कं नाही. डेटाबेसमध्ये अर्धवट झालेला व्यवहार दुसऱ्याला दाखवावा की लपवावा, यावर आमच्याकडे मोठाले अध्याय आहेत. दाखवावा, पण ओळखू येईल असा दाखवावा, हे उत्तर पटवाऱ्यांच्या कानामागच्या पेन्सिलीत होतं. सप्टेंबर २०२०मध्ये आलेल्या नव्या सातबाऱ्यात ही पेन्सिल 'प्रलंबित फेरफार' या शब्दांनी परत आली, आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही पानावर आला. मला ते दोन्ही बदल मनापासून आवडले.

तर आमचं असं झालं. २०१७च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकीकृत सातबारे गावात मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्याचं चुकलं त्याने सांगायचं. बाबा पहिला उतारा खिशात घालून गेले. विहिरीच्या ओळीशेजारचं वर्तुळ दाखवलं, आतला आकडा वाचला. जुनी फेरफार नोंदवही काढली गेली, नोंद सापडली, मंजुरीच्या सहीसकट. मग कलम १५५खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज, आदेश, आणि ओळ परत. पान झटपट वाचता यावं म्हणून सगळं एकत्र ठेवलं, आणि पान चुकलं तर सावरायला इतिहास वेगळ्या वहीत ठेवला. पहिलं वेगासाठी, दुसरं सत्यासाठी. मी पाहिलेल्या कितीतरी महागड्या प्रणालींत यातलं दुसरं नसतं.

आता ज्या रकान्यातून ती ओळ गळाली त्याच्याविषयी. 'इतर अधिकार' हा या पानाचा मोकळा कोपरा. बाकी रकाने बांधलेले आहेत: क्षेत्र म्हणजे आकडा, आकार म्हणजे रुपये-पैसे, भूधारणा म्हणजे वर्ग एक किंवा वर्ग दोन. इथे मात्र वाक्य लिहिता येतं. सोसायटीचा बोजा, पांदणीतून येण्याजाण्याचा हक्क, विहिरीचा हिस्सा, कोर्टाचा मनाईहुकूम. कोलाम आणि गोंड खातेदारांच्या जमिनीसाठी कलम ३६ आणि ३६-अ यांचं बंधन, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही जमीन बिगर आदिवासीला देता येणार नाही, तेही कित्येकदा याच रकान्यात एका वाक्यात लिहिलेलं असतं. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागात ते एक वाक्य म्हणजे एका घराची जमीन राहणं किंवा जाणं असतं.

अशा मोकळ्या जागेशिवाय कुठलाही नमुना शंभर वर्षं टिकत नाही. आखणाऱ्याला पुढचं सगळं दिसत नसतं, म्हणून तो एक रकाना उघडा ठेवतो. आम्हीही ठेवतो, त्यात काहीही बांधून ठेवतो, आणि काही वर्षांनी त्याचा हिशेब येतो. कारण मोकळ्या रकान्यात लिहिलेलं माणसाला वाचता येतं, पण मोजता येत नाही. या जिल्ह्यात 'सातबारा कोरा करा' ही हाक सभेतही ऐकू येते आणि ओट्यावरही. अख्खा सातबारा कुणाला कोरा नको असतो; नाव हवं असतं, क्षेत्र हवं असतं. कोरा हवा असतो तो इतर अधिकारातला बोजा. लोकांनी एका रकान्याला सगळ्या पानाचं नाव दिलं, कारण त्यांना रात्री झोप न येऊ देणारी ओळ तिथेच असते. पण कर्जमाफी द्यायची वेळ आली तेव्हा त्या रकान्यातून यादी काढता येण्यासारखी नव्हती. २०१७च्या योजनेत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागवावे लागले. डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत बँकांच्या कर्जखात्यांच्या याद्या आधारशी जुळवून घेतल्या गेल्या. बोजा प्रत्येक पानावर लिहिलेला होता, पण वाक्यात. माझं ठाम मत असं की बोजाला केव्हाच स्वतंत्र नोंद मिळायला हवी होती: कुणाचा, किती, कधी चढला, कधी उतरला. ज्या ओळीवर घर उभं राहतं किंवा कोसळतं तिला मोकळ्या कोपऱ्यात ठेवू नये.

नावाची गोष्ट थोडक्यात. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणजे माणूस नसतो, माणसाचं नाव असतं. एका गावात ते एका तऱ्हेने लिहिलेलं, शेजारच्या गावात दुसऱ्या. कुठे आडनाव आहे, कुठे नाही. आठ-अ हा खातेदाराच्या बाजूने वाचायचा उतारा, पण खाते क्रमांक गावापुरताच. दोन गावांत वावर असलेला कास्तकार कागदावर दोन माणसं असतो. माणूस हा जमिनीचा आश्रित म्हणून लिहिला गेला, कारण सारा जमिनीवर होता आणि सरकारला जमीन मोजायची होती. त्या काळाच्या कामाला ते बरोबर होतं. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे आणि माणसाला प्रथमच स्वतःचं पान मिळतं आहे. २०२५मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली ती मयतांची नावं कमी करून वारसांची लावायला. नाव मरत नाही, माणूस मरतो, आणि पानाला फक्त नाव माहीत होतं, म्हणून ही मोहीम लागली.

पिकालाही असंच स्वतःचं पान मिळत आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बाराची ओळ कास्तकार स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर लिहू लागला, पिकाच्या फोटोसह. यात दोन गोष्टी बदलल्या. लिहिणारा हात बदलला हे सगळ्यांना दिसतं. दुसरी गोष्ट अशी, की पीक आता शेताच्या आडोशाला राहिलेलं नाही. विमा, हमीभावाची खरेदी, अनुदान, सगळे थेट पीकच विचारतात, फोटो विचारतात, दिनांक विचारतात, जिथे उभं राहून फोटो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश विचारतात. ज्या आश्रिताकडे इतके जण परस्पर येऊ लागतात तो आश्रित राहत नाही. माझ्या कामात मी याच खुणेवर नजर ठेवतो. बिलाची ओळ बिलातच बरी. पण उद्या त्याच ओळीवर परतावा, तक्रार आणि हमी येऊ लागली की तिला वेगळं घर देण्याची वेळ झाली. अगदी पहिल्या दिवशी वेगळं केलं तर नाहक फेऱ्या वाढतात, फार उशीर केला तर विहीर जाते. वेळ ओळखणं हीच या कामातली कारागिरी आहे. संगणकात आता पान भरत नाही, पुनर्लेखन नको, तेव्हा बारा सातपासून वेगळा ठेवून फक्त दाखवताना एका पानावर दाखवता येतो. जुन्या जोडणीतला वाचनाचा गुण राहिला आणि लिहिण्याचा दोष गेला. या बदलाचं मी स्वागत करतो.

एकच काळजी वाटते. फोटो काढताना कास्तकाराला मुख्य पीक आणि दुय्यम पीक निवडावं लागतं. पऱ्हाटीत तुरीचं तास असलेलं वावर त्या चौकटीत बसवताना घाईघाईत नुसता 'कापूस' निवडणारे मी पाहिले आहेत, आणि मग तूर विकायला नेल्यावर पेऱ्यात तूर नाही म्हणून परत फिरणारेही. जुन्या नमुन्यातल्या त्या तीन थरांची आखणी नव्या पडद्यावर तितकीच ठसठशीत हवी. ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांनी एकदा जुलैत राळेगाव किंवा घाटंजीच्या वावरात जाऊन ओळी मोजाव्यात.

आणि ज्यांच्या नावे वावर आहे त्यांना एक विनंती. घरात जुना हस्तलिखित उतारा असेल तर तो टाकू नका. नवा काढा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि इतर अधिकाराचा रकाना ओळीओळीने ताडून पाहा: विहीर, पांदण, बंधनं, फिटलेले बोजे. एखादी ओळ सुटलेली दिसली तर तिच्याशेजारच्या वर्तुळातला आकडा लिहून घ्या आणि तो फेरफार मागा.

आमच्या तिसऱ्या उताऱ्यावर विहीर परत आली आहे. 'शेताचे स्थानिक नाव' हा रकाना मात्र रिकामा आहे. उताऱ्याच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: मोहाचे वावर.